कोकणात वादळ झालं, सोलापुरातून मदत न्यायचीय? मग टेम्पो भरण्याआधी हे वाचा

जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ ३ तारखेला दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर चढलं आणि दोन दिवसांत आमच्या मंडळाच्या खोलीत सोलापुरी चादरींचा ढीग लागला. पूर्व भागातल्या एका कारखानदारानं एकट्यानं साठ चादरी दिल्या. चादर म्हणजे सोलापूरची ओळख, त्यामुळे दुसरं काही कुणाला सुचलंच नाही. टेम्पो निम्मा भरला असताना ओळखीच्या ओळखीतून तिकडच्या एका वहिनींचा फोन लागला. चादरी पाठवतोय म्हटल्यावर त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दादा, चादरी चांगल्याच असतील तुमच्या. पण ओल्या झाल्या तर वाळत घालू कुठं? घरावर कौलच राहिलं नाही."

टेम्पो रिकामा केला. चादरी परत खोलीत गेल्या आणि मार्केट यार्डातून ताडपत्र्या आल्या. त्या खेपेत आणि नंतरच्या दोन खेपांत जे कळलं, जे चुकलं, ते इथे सविस्तर लिहितोय. पुढचं वादळ येईल तेव्हा कुणाचा तरी अर्धा टेम्पो वाचेल.

तिकडं नेमकं काय मोडतं

आपण माळवदाच्या नाहीतर स्लॅबच्या घरात वाढलेली माणसं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. छत गळलंच तर चार घमेली ठेवून दिवस निघतात. कोकणात उतरतं छप्पर, त्यावर मंगलोरी कौलं किंवा सिमेंटचे पत्रे, आणि पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. निसर्ग ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह आलं. एवढ्या वाऱ्यात कौल नुसतं सरकत नाही, उडतं. आणि वादळाचा डोळा एखाद्या गावावरून गेला तर वारा मध्येच पडतो, संपलं असं वाटून माणसं बाहेर येतात, आणि मग तो उलट्या दिशेनं सुटतो. पहिल्या झोतात ढिलं झालेलं दुसऱ्या झोतात जातं.

आता तारीख पाहा. ३ जूनला वादळ, आणि त्याच्या आठवडाभर मागेपुढे कोकणात मोसमी पाऊस. छप्पर उडालेल्या माणसाकडं आठवडासुद्धा नसतो. त्यातून कोकणात जूनआधी 'आगोट' असते. पावसाळ्याची बेगमी घरात भरून ठेवायची: तांदूळ, मीठ, सुके बोंबील, सोडे, आमसुलं, आंबोशी, फणसपोळी, पापड आणि सुकी लाकडं. निसर्ग आलं तेव्हा ही बेगमी घराघरात भरलेली होती. छप्पर गेलं त्या रात्री चार महिन्यांचं खाणं भिजलं. "त्यांच्याकडं दोन दिवसांचं जेवण नाही" हा आपला हिशोब इथेच चुकतो.

वाडीचं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेचं, नुकसान सोलापूरकराला एका वाक्यात सांगता येतं: डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग शिरला की काय होतं ते सांगोल्याला विचारा. पीक गेलं तर वर्ष जातं, झाड गेलं तर उमेद जाते. सुपारीची मुळं तंतूसारखी आणि उथळ, खोड हातभर जाडीचं नाही आणि उंची मात्र दोन मजल्यांवर. वाऱ्यात ती मधोमध मोडते. नवी लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षं, उंच जातीच्या नारळालाही तेवढीच किंवा जास्त. सुपारीवर मिरीचा वेल चढवलेला असतो, तिच्या सावलीत जायफळ उभं असतं. एक सुपारी पडली की तीन उत्पन्नं बसतात. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव सगळीकडं आहे, पण त्या वाड्या आहेत गुंठ्यांतल्या. आपल्यासारखी एकरांची भाषा तिकडं चालत नाही.

कोळीवाड्याचं गणित हंगामावर ठरतं. आपल्या राज्यात एरवी १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंद असते; हंगाम संपत आलेला आणि इशारा आलेला, म्हणून निसर्गच्या वेळी बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. नुकसान झालं ते त्या एकमेकींवर आदळून आणि जाळी उडून-फाटून. फयान वादळ आलं २००९ च्या नोव्हेंबरात, ऐन हंगामात, होड्या समुद्रात असताना. तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं आणि गुजरातेत चढलं, तरी वाटेतल्या कोकणाला झोडपून गेलं. अरबी समुद्रातली वादळं बहुतेक या दोनच काळात उठतात, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. यादी करायला बसण्याआधी महिना कोणता आहे ते बघा.

वीज गेली की पाणीही जातं, हे आम्हाला उशिरा उमगलं. गावाची नळयोजना पंपावर चालते. विहिरी असतात, पण खाडीकाठच्या विहिरीत उधाणाचं खारं पाणी शिरलं तर क्लोरीनच्या गोळ्यांनी जंतू मरतात, खारटपणा जात नाही. ती विहीर उपसावीच लागते, पुन्हा पुन्हा. मोबाईलचे टॉवर बॅटरीवर काही तास तग धरतात, मग गावच गायब होतं. टीव्हीवर ज्या गावाचं नाव येत नाही तिथं काही झालं नाही असं समजू नका. बहुतेक वेळा तिथून फोनच लागत नसतो.

बातमी कशी वाचायची

व्हॉट्सॲपवर फिरणारे लाल-पिवळे नकाशे बाजूला ठेवा. भारतीय हवामान विभागाची पत्रकं संकेतस्थळावर आणि 'मौसम' ॲपवर मिळतात. 'सचेत' ॲपवर सरकारी इशारे येतात. इशाऱ्याच्या पायऱ्या चार. किनाऱ्याला धोका संभवतो असं दिसलं की साधारण ७२ तास आधी पहिली सूचना. ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी. वादळ जमिनीवर येण्याच्या १२ तास आधीपासून लाल, आणि त्यात जमिनीवर आल्यानंतर ते कुठं कुठं जाईल याचाही अंदाज असतो. हा शेवटचा भाग आपल्यासारख्या आतल्या जिल्ह्यांच्या उपयोगाचा.

शब्दांचीही उतरंड आहे. वारा ताशी ५० ते ६१ किलोमीटर असेल तर तो 'तीव्र कमी दाबाचा पट्टा', ६२ पासून 'चक्रीवादळ', ८९ पासून 'तीव्र', ११८ पासून 'अतितीव्र'. वार्ताहर यात बिनधास्त गल्लत करतात. आकडा बघा, विशेषणाकडं दुर्लक्ष करा.

पिवळा इशारा आला की तिकडचे फोन नंबर गोळा करायचे, कारण नंतर ते मिळत नाहीत. निघायचं मात्र नाही. पहिले दोन-तीन दिवस रस्त्यावर एनडीआरएफ, महावितरण आणि झाडं तोडणाऱ्यांचा हक्क. आपण उत्साहानं पोचलो तर घाटात एक टेम्पो वाढवण्यापलीकडं काही करत नाही.

निघण्याआधीचे फोन

पहिला फोन त्या जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, १०७७ वर. सोलापुरातून नुसता १०७७ फिरवला तर आपलाच कक्ष लागेल, म्हणून तिकडचा एसटीडी कोड आधी जोडा. त्यांना विचारायचं: कोणत्या तालुक्यात मदत पोचलेली नाही, कोणता रस्ता खुला आहे, माल तहसीलदारांकडं द्यायचा की थेट गावात. दुसरा फोन गावातल्या कुणाला तरी: सरपंच, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी, आशाताई. आमचा अनुभव असा की आशाताईला घराघरातलं माहीत असतं आणि ती आकडा फुगवत नाही.

तिसरा फोन बाईला करा. म्हणजे घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला. पुरुष "काहीही पाठवा, चालेल" म्हणतात, संकोच असतो. वहिनींनी मला पाच मिनिटांत यादी सांगितली आणि त्यात काडेपेटी, मीठ, सॅनिटरी पॅड आणि विळी होती. या चारपैकी एकही गोष्ट आमच्या मंडळाच्या यादीत नव्हती.

"काय हवंय?" असं विचारू नका. "आत्ता स्वयंपाक कशावर करताय? रात्री झोपता कुठं? पाणी कुठनं आणता? गावात लाकूड कापायची मशीन आहे का?" असं विचारा. यादी आपोआप तयार होते.

टेम्पोत काय भरायचं

पहिल्या खेपेत छप्पर. जाड ताडपत्री, साधारण १८ बाय २४ फुटांची, चारी बाजूंना रिंगा असलेली. स्वस्तात मिळणारा पातळ निळा कागद घेऊ नका, कोकणातल्या पहिल्याच पावसात तो फाटतो. ताडपत्रीबरोबर नायलॉनची दोरी दिलीच पाहिजे. आम्ही पहिल्या वेळी विसरलो आणि लोकांनी साड्यांनी बांधल्या. पत्र्यांसाठी जे-हूक, वॉशर, खिळे, बांधकामाची तार, दोन-तीन हातोड्या. आपल्या एमआयडीसीत आणि हार्डवेअरच्या दुकानांत हे सगळं घाऊक मिळतं आणि वादळानंतर तिकडं हेच मिळत नाही, मिळालं तर तिप्पट भावानं. कौलं नेऊ नका. वजन प्रचंड, वाटेत फुटतात आणि साचा जुळला नाही तर बसत नाहीत.

दुसरं, उजेड आणि विजेचा पर्याय. सौरदिवे, टॉर्च, सेल, काडेपेट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. एक लहान जनरेटर मिळाला तर त्यावर विहिरीचा पंप आणि गावाचे मोबाईल दोन्ही होतात. जनरेटर भेट द्यायचा की आठवड्यानं परत आणायचा ते आधीच बोलून घ्या, नाहीतर नंतर तोंडं वाकडी होतात.

तिसरं खाणं, आणि इथे थोडं थांबावं लागेल. सोलापूरकराचा पहिला विचार कडक भाकरीचा. विचार वाईट नाही: मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची खरपूस भाकरी, बरोबर शेंगाचटणी, चूल लागत नाही, फ्रिज लागत नाही, आपल्या कोरड्या हवेत महिनोन्महिने टिकते. पण कोकणात हवेतच पाणी असतं. उघड्या पुडक्यातली कडक भाकरी तिकडं दोन दिवसांत चामड्यासारखी होते, मग बुरा धरते. दुसरं म्हणजे ती माणसं भातखाऊ. भाकरी खातात, पण तांदळाची, मऊ. पहिल्या खेपेतल्या आमच्या भाकऱ्या म्हाताऱ्यांना चावल्याच नाहीत; एक आजोबा हसून म्हणाले, "हिच्यानं कौल शाकारता येईल."

म्हणून कडक भाकरी न्यायची तर पाच-पाचची हवाबंद पाकिटं करा, आणि ती गावकऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात खांबावर चढणाऱ्या वायरमनना आणि तुमच्या स्वतःच्या माणसांना. शेंगाचटणी मात्र बिनधास्त न्या, कोरडी, लसूण घातलेली, लहान पाकिटांत. भातावर टाकून खाल्ली गेली आणि दुसऱ्या खेपेला नाव घेऊन मागितली. बाकी तांदूळ, डाळ, मीठ, तेल, चहा, साखर. तांदूळ रोजच्या खाण्यातला घ्या आणि पाच-पाच किलोच्या दुहेरी पिशवीत बांधा. पन्नास किलोचं पोतं दुकानदाराला सोयीचं, छप्पर नसलेल्या बाईला नाही.

आता चादरींबद्दल. जकार्डची सुती सोलापुरी चादर जड असते, भरपूर पाणी पिते आणि जूनच्या कोकणात चार दिवस वाळत नाही. पाचव्या दिवशी वास मारते. नोव्हेंबरचं वादळ असेल तर जरूर न्या, पाऊस सरलेला असतो आणि पहाटे गारवा असतो. जूनमध्ये त्याऐवजी पातळ पंचे, प्लॅस्टिकच्या चटया आणि मच्छरदाण्या. टॉवेलचा कारखानदार मदत करतो म्हणाला तर सर्वांत पातळ टॉवेल मागून घ्या.

जुने कपडे नकोत, यावर चर्चा नको. फाटक्या जीन्सची गाठोडी एका शाळेच्या व्हरांड्यात दोन महिने सडत होती, ती आम्ही पाहिली. आमच्याच जिल्ह्यातून गेलेली होती.

गाडी आणि घाट

श्रीवर्धन, म्हसळ्याकडं जायचं तर सोलापूर-पुणे, मग ताम्हिणी घाटानं माणगाव आणि पुढे. चारशे किलोमीटरच्या पुढे पडतं. ताम्हिणीत रस्ता अरुंद, झाडी दाट, वादळानंतर झाडं पडलेली. दहा-चाकी ट्रक नेऊ नका. टाटाचा चारशेसात टेम्पो किंवा आयशर बरा. दापोली-मंडणगडसाठी महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट नकाशावर जवळचा दिसतो, पण पावसात तिथं दरडी येतात. कराड-चिपळूणचा कुंभार्ली घाट लांब वाटला तरी भरल्या गाडीला बरा. रत्नागिरीला मात्र आपला रत्नागिरी-नागपूर महामार्गच जातो: मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट. सोलापूरच्या ड्रायव्हरला सपाट रस्त्याची सवय. धुक्यात घाट उतरायची नाही. घाट चालवलेला ड्रायव्हर घ्या, हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. घाट दिवसाउजेडी उतरायचा, म्हणजे सोलापुरातून रात्री निघायचं.

गाडीत स्वतःचं पाणी, जेवण, अंथरूण, दोरखंड आणि एक कुऱ्हाड. डिझेलची टाकी पुण्यातच पूर्ण भरा, पुढे पंप चालू असेलच असं नाही. मालाची यादी दोन प्रतींत, दुकानाची बिलं, आणि लागत असेल तर ई-वे बिल दुकानदाराकडूनच करून घ्या. तिकडं कुणाच्या घरी मुक्काम करू नका. त्यांच्याकडं स्वतःला झोपायला जागा नसते आणि ते नाही म्हणणार नाहीत.

वाटप

आम्ही गेलो तेव्हा कोरोनाचा काळ. गाडीला पास, गावाच्या वेशीवर अडसर. गावकऱ्यांनी माल वेशीवरच उतरवून घेतला आणि वाटप स्वतः केलं. तेव्हा वाईट वाटलं. चारशे किलोमीटर येऊन गावही बघायला मिळालं नाही. नंतर लक्षात आलं की वाटप इतकं शांतपणे कधीच झालं नव्हतं. कोणत्या घरात विधवा एकटी आहे, कुणाचं घर वाडीच्या टोकाला आहे, हे त्यांना माहीत होतं. पुढच्या दोन्ही खेपांना आम्ही तेच केलं: गावाची यादी, गावाचे हात, आम्ही फक्त टेम्पोपाशी. रस्त्यावर गाडी उभी करून वस्तू फेकल्या की त्या धट्ट्याकट्ट्यांना मिळतात, आणि रस्त्यापासून आत असलेल्या कातकरी वाडीला काहीच पोचत नाही. त्या वाडीचं नाव यादीत आहे का, एवढं मात्र तुम्ही स्वतः विचारा.

फोटो टेम्पोचा काढा, मालाचा काढा. हात पसरलेल्या माणसाचा काढू नका. काल त्याची दीडशे झाडांची वाडी होती.

दुसरी खेप: कागद आणि करवत

महिनाभरानं टीव्ही विसरतो. खरी गरज तेव्हा लागते, आणि ती टेम्पोभर मालाची नसते.

वाडीत पडलेल्या सुपाऱ्या-नारळांचा गुंता उचलल्याशिवाय नवं रोप लागत नाही. लाकूड कापायच्या दोन मशीन, त्या चालवणारी चार माणसं, पेट्रोल, धार लावायची कानस. आठ दिवसांत एक आळी मोकळी होते. पैशात मोजलं तर ही मदत आमच्या पहिल्या टेम्पोपेक्षा स्वस्त पडली. वायरमन, सुतार, पत्रे ठोकणारे तयार असतील तर त्यांची मजुरी आपण भरायची आणि त्यांना पाठवायचं.

कागदांचं काम करणारा एक पोरगा न्या, लॅपटॉप आणि लहान प्रिंटरसकट. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक करतात. त्याआधी घराचे, वाडीचे फोटो काढलेले हवेत. ताडपत्री टाकल्यावर पडलेलं छप्पर फोटोत दिसत नाही. मदतीच्या सरकारी निकषांत अंशतः पडलेल्या घराचं नुकसान किमान १५ टक्के आणि पिकाचं ३३ टक्के धरतात, म्हणून मोजमाप नीट लिहायचं. वाडीत झाडं जातवार मोजून कागदावर घ्या: सुपारी किती, नारळ किती, किती मुळासकट पडले, किती शेंड्यात मोडले. गुंठ्यांच्या वाडीला नुसता हेक्टरी हिशोब लावला तर हातात काही येत नाही.

सर्वांत मोठी अडचण सामाईक सातबाऱ्याची. वाडी एक, उताऱ्यावर नावं पंधरा, त्यातली दहा मुंबईला. मदत खात्यात पडायला इतरांची संमतीपत्रं लागतात. त्या पोरानं व्हिडिओ कॉलवर चाकरमान्यांना गाठून कागद मागवले. तो आठवडा मला सगळ्यात जास्त कामी आलेला वाटतो. भिजलेली कागदपत्रं एकेक पान सुटं करून सावलीत वाळवा. ओली असताना लॅमिनेशन करू नका. होडीवाल्यांना नोंदणी आणि परवान्याच्या प्रती लागतात, त्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात मिळतात.

रोपं सोलापुरातून नेऊ नका. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ, रत्नागिरीजवळ भाट्याला नारळ संशोधन केंद्र. पैसे तिकडं भरा, रोपं वाडीवाल्याच्या नावानं सोडा. ज्यांना एवढं करणं जमत नाही त्यांनी सरळ मुख्यमंत्री सहाय्यता निधीत पैसे भरावेत. जुन्या करप्रणालीत देणगीवर करात सूटही मिळते.

आणि वादळ आपल्याकडं वळलं तर

निसर्गच्याच वर्षी, २०२० मध्ये, १३ ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातला तीव्र कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणातून सरळ आपल्याकडं आला. १४ तारखेला सोलापूर जिल्हा धुऊन निघाला, पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले, भीमा काठ सोडून वाहू लागली. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटरवर आहे म्हणून वादळ आपलं नाही, हा समज त्या दिवशी भिजून गेला. म्हणून मंडळाच्या खोलीत आता दहा ताडपत्र्या, दोन दोरखंड आणि वीस टॉर्च कायम असतात, दर मे महिन्यात सेल बदलतो.

पंधरा तारखेला सकाळी श्रीवर्धनकडून फोन आला. वहिनीच होत्या. गावानं वर्गणी काढली म्हणाल्या. "पण दादा, आधी सांगा, तुमच्याकडं भात चालतो ना सगळ्यांना? की ज्वारीच बघू कुठं मिळते ती?"